फक्कीतली माणसे

मित्रांनो, सामना सुरू होण्यापूर्वी मैदानावर पांढऱ्या रेषा कशा उमटतात, याचा विचार तुम्ही फारसा केला नसेल. खेळाडूंची नावे तुम्हाला पाठ असतात; रेषेचे नाव कुणी विचारत नाही. त्या रेषा माझ्या पोटातून सांडतात. मोंतेविदेओ शहराच्या खाडीकाठी असलेल्या सालादेरो क्लबची मी जुनी फक्कीची गाडी. पत्र्याचे एक पिंप, दोन चाके, एक लांब दांडा आणि तळाला बारीक भोकांची चाळण, एवढाच माझा देह.

माझा जन्म खेळासाठी झाला नव्हता. इथे पूर्वी मांस खारवण्याचा कारखाना होता. मांसाच्या थरांवर मीठ भुरभुरवत फिरणे हे माझे काम होते. कारखाना बंद पडला तेव्हा कामगारांपाशी त्यांनी स्वतः काढलेला फुटबॉलचा क्लब तेवढा उरला. त्यांच्यातल्या एका लोहाराने मला भंगारातून ओढून काढले, नवा दांडा बसवला आणि माझ्या पोटात मिठाऐवजी चुन्याची फक्की भरली. पण कोपऱ्याकोपऱ्यांत जुने मीठ चिकटून राहिले होते. म्हणून मी आखलेल्या पहिल्या रेषेवर पुढे वर्षभर गवत उगवले नाही. लोक हसले. मला मात्र त्या उघड्या पट्टीकडे पाहून भीती वाटली. जे माझ्या पोटात जाते ते जमिनीत उतरून राहते, हे मला त्या दिवशी कळले.

मैदानाची राखण आधी एलादिओ नावाचे म्हातारे करीत. त्यांच्यानंतर त्यांची मुलगी झुल्मा करू लागली. आमच्या क्लबातली एक रीत एलादिओंच्या काळात सुरू झाली. एका मेलेल्या सभासदाची लेक बापाची राख मैदानावर उधळायला आली होती. बापाची तशी इच्छा होती. पण आमच्याकडे खाडीवरून वारा येतो आणि तो कुणाचे ऐकत नाही. राख उडाली ती थेट जमलेल्या लोकांच्या कोटांवर. लेक रडू लागली. एलादिओंनी तिच्या हातातला डबा अलगद घेतला, उरलेली राख चाळून माझ्यातल्या फक्कीत कालवली आणि विचारले, "पोरी, तुझा बाप कुठे उभा राहायचा?"

"मध्यरेषेच्या टोकाला. तिथून पंचाला शिव्या नीट ऐकू जातात, म्हणायचा."

"मग तिथेच उभा राहू दे."

तेव्हापासून दर हंगामाच्या तोंडावर घरोघरचे लोक छोटे डबे घेऊन येऊ लागले. कुणाची आई कॉर्नरच्या झेंड्यापाशी, कुणाचा काका पेनल्टीच्या ठिपक्यावर. मी त्यांना जमिनीवर ठेवीत गेले. मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, जिथे कुणी असे तिथे माझे डावे चाक किंचित जड होई. पावसाने रेषा धुऊन जाई, माणूस जात नसे. भर दुपारी रिकाम्या मैदानावर झुल्मा मला ढकलत नेई तेव्हा मध्यरेषेच्या टोकाशी माझी गती आपोआप मंद होई, आणि झुल्माही थांबे, जणू कुणाला वाट देत आहे.

झुल्माचा नवरा ओलेगारिओ. तो आमचा बचावपटू. धिप्पाड, संथ आणि अतिशय हट्टी. गोलपुढच्या छोट्या चौकटीत तो उभा राहिला की प्रतिस्पर्ध्यांचे विंगर, म्हणजे कडेकडेने धावणारे आघाडीचे खेळाडू, दुसऱ्या बाजूने जाणे पसंत करीत. खेळणे सुटल्यावरही तो रोज संध्याकाळी थर्मास काखेत धरून येर्बाच्या पानांच्या गरम काढ्याचे कडू घोट घेत त्या चौकटीपाशी येऊन बसे. त्याचा जुना साथीदार एबेर पुढे संघाचा प्रशिक्षक झाला. दोघे तासन्‌तास भांडत आणि मी शेडच्या दारातून ऐकत असे.

मग क्लबाचे दिवस फिरले. पगार थकले, न्हाणीघरातले पाणी थंडगार झाले, छपराचे पत्रे उडाले. परदेशातल्या काही गुंतवणूकदारांनी क्लब विकत घेण्याची तयारी दाखवली. त्यांच्या वतीने व्हास्सालो नावाचे गृहस्थ आले. उपाहारगृहात सभासदांची सभा भरली आणि बहुतेकांनी हात वर केले. झुल्मानेही केला. ओलेगारिओने केला नाही.

"अगं, त्यांना आपला क्लब कशाला हवाय, ते तरी विचार," तो म्हणाला.

"न्हाणीघरात गरम पाणी आलं की विचारते," ती म्हणाली.

गरम पाणी आले, हे मी प्रामाणिकपणे सांगते. थकलेले पगार मिळाले, नवे छप्पर झाले, माझ्या चाकांना तेलही मिळाले. व्हास्सालोसाहेब वाईट गृहस्थ नव्हते. ते सर्वांशी हसून बोलत आणि जे मनात असेल ते स्पष्ट सांगत. संघ नव्याने उभारायचा ठरला तेव्हा एबेरने दोन चांगले बचावपटू मागितले. आले पाच विंगर. सगळे विशीच्या आतले, सगळे वाऱ्यासारखे.

"साहेब, मी पातेलं मागितलं होतं. तुम्ही पाच चमचे आणलेत," एबेर माझ्या शेडपाशी उभा राहून म्हणाला.

"चमचे चांदीचे आहेत, एबेर."

"अन् रस्सा कशात करू? ओंजळीत?"

व्हास्सालो मनापासून हसले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे बघ, तुला खोटं सांगणार नाही. माझ्या माणसांना करंडक नकोय. पोरं दिसायला हवीत. आज इथे धावलेलं पोर सहा महिन्यांनी युरोपात धावलं पाहिजे. बचाव करणारा माणूस दिसतो कुणाला? गोल झाला नाही, याचं चित्रण कोण बघतं?"

"अहो, आम्ही बघतो. गेली कित्येक वर्षं तेच बघतोय."

"तुम्ही विकत घेणारे नाही आहात," ते म्हणाले. हे त्यांनी कठोरपणे म्हटले नाही. म्हणूनच ते अधिक लागले असावे.

मग दर सहा महिन्यांनी आमचा संघ नव्याने उभा राहू लागला. जो चमकला तो गेला. त्याच्या जागी दुसरा आला. मला संघाची ही घडण गवतावरून कळे. पूर्वी मैदान मधोमध झिजत असे, कारण खेळ मधोमध होई. आता उजवी कड पार उघडी पडली. चित्रण करणारे यंत्र त्या बाजूला बसवले होते, म्हणून प्रत्येक चेंडू फिरून तिथेच जाई. पोरे धावत, सुंदर धावत, आणि त्यांच्या मागे आमच्या गोलात चेंडूमागून चेंडू शिरत असे.

नव्या मालकांच्या पहिल्याच हंगामात ओलेगारिओ आजारी पडला. शेवटच्या आठवड्यात त्याने झुल्माकडून एक वचन घेतले. मी ते ऐकले नाही. तिने एकदा मला ढकलता ढकलता एबेरला सांगितले.

"म्हणाला, मला छोट्या चौकटीच्या रेषेत ठेव. पण बचाव उभा राहिल्यावरच. रोज डोक्यावरून गोल गेले तर मला झोप लागायची नाही."

"मेल्यावरही अटी घालतोय रेडा," एबेर म्हणाला आणि पाठ फिरवून त्याने टक्कल पुसले. डोळेही पुसले असावेत.

ओलेगारिओची राख येर्बाच्या एका रिकाम्या डब्यात भरून झुल्माने शेडच्या फळीवर ठेवली. तशाच डब्यांत ती पावसाळी दिवसांसाठी कोरडी फक्कीही ठेवीत असे. हंगाम सरत गेले. दरवर्षी इतर घरांतले डबे रिकामे होत, ओलेगारिओचा मात्र तिथेच. हंगामाच्या आरंभी ती एबेरकडे पाही. एबेर मान हलवून नाही म्हणे. मग ती डबा पुसून परत ठेवी. मी त्याच्या खालीच उभी असे. ज्याला अजून जागा मिळालेली नाही अशा माणसाच्या खाली वर्षानुवर्षे उभे राहणे कसे असते, हे मला सांगता येणार नाही. वर कुणीतरी सतत कूस बदलत आहे, असे वाटे.

आणि मग बातमी आली की गवत काढून कृत्रिम हिरवळ घालणार. त्यावर पोरांचा वेग वाढतो, चित्रण उजळ येते. रेषा त्या हिरवळीतच विणलेल्या असतात. फक्की लागत नाही, गाडी लागत नाही. हंगाम संपायला थोडेच सामने उरले होते. झुल्मापुढे प्रश्न उभा राहिला. चाळणीसारख्या बचावाखाली ओलेगारिओला आत्ताच ठेवायचे, की वचन पाळून त्याची जागा कायमची गमवायची?

तिचा निर्णय झाला नव्हता. तोवर शेवटच्या सामन्याचा आदला दिवस उजाडला. परदेशातून खरेदीदार आले होते. त्यांचे लक्ष मायकोल नावाच्या आमच्या उजव्या विंगरवर होते. सकाळी पाऊस पडून रेषा फिकट झाल्या. झुल्मा गुडघा दाखवायला दवाखान्यात गेली होती. व्हास्सालो शेडमध्ये आले, कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या सारल्या आणि स्वतःच माझा दांडा धरला. गोणीतली फक्की दमट होऊन तिचे गोळे झाले होते. त्यांनी फळीकडे पाहिले. हाताला लागला तो डबा उघडला, बोटाने पाहिले, कोरडे होते. माझ्यात ओतले.

मित्रांनो, मला जीभ नाही. चाक अडवून धरण्याइतकीही शक्ती नाही. व्हास्सालो शीळ घालीत मला उजव्या कडेने ढकलत निघाले. लहानपणी आपण असेच काहीतरी ढकलत असू, असे ते स्वतःशीच पुटपुटले. रेषा नागमोडी झाली. ज्या माणसाने उभ्या हयातीत विंगरना अडवले, तो विंगरच्या पायांखाली सांडत होता. माझे डावे चाक इतके जड कधी झाले नव्हते. व्हास्सालो मध्येच थांबून म्हणाले, "तेल घालायला हवं हिला."

दुपारी झुल्मा आली. तिने उघडा डबा पाहिला.

"साहेब, या डब्यातलं कुठे गेलं?"

"बाहेर, रेषेत. फक्की जरा मळकट होती, पण कोरडी होती. का हो दोन्या झुल्मा? चुकलं काही?" बाईमाणसाला आमच्याकडे आदराने दोन्या म्हणतात.

"माझा नवरा होता तो."

ते आधी हसले. आमच्या वस्तीतले लोक अशी थट्टा करतात, हे त्यांना एव्हाना माहीत झाले होते. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि ते शेडच्या उंबऱ्यावर बसले.

"मला... दोन्या, मला कुणी सांगितलं नाही."

"सांगण्यासारखं नव्हतं. आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं." तिने रेषेकडे बोट केले. "तेवढी पट्टी मातीसकट कापून द्या. मी चौकटीत नेऊन बसवते. आजच."

व्हास्सालोंनी कपाळ चोळले. उजवी कड खणली तर उद्या मायकोल धावणार कुठून? खरेदीदार त्याचे धावणे पाहायलाच आले होते. "उद्याचा सामना होऊ द्या," ते म्हणाले. "मग हवी तेवढी माती न्या. शब्द देतो. माझ्यावरही माणसं आहेत, दोन्या. मी काही मालक नाही."

"मग मालक कोण?"

"बरेच जण आहेत," ते म्हणाले.

सामना झाला. झुल्मा पाठ करून बसली होती. मायकोल त्या रेषेवरून असा धावला की लोक उभे राहिले. त्याच्या बुटांखालून दर वेळी पांढरा धुरळा उठे, क्षणभर हवेत राही आणि खाली बसे. आम्ही हरलो, खालच्या गटात गेलो, आणि खरेदीदार हसत हसत हात मिळवून गेले. व्हास्सालोंनी शब्द पाळण्यासाठी फोन केले, ओरडले, विनवलेही. पण वरच्या माणसांना काम लवकर उरकायचे होते. दुसऱ्या दिवशी झुल्मा, एबेर आणि वस्तीतले लोक कुदळी घेऊन आले, तेव्हा यंत्रे आधीच आली होती. अर्धे मैदान ट्रकांत भरून गेले होते. मध्यरेषा गेली होती. कॉर्नर गेले होते. उजव्या कडेची दक्षिणेकडची अर्धी पट्टी तेवढी शिल्लक होती. व्हास्सालो तिच्यावर हात पसरून उभे होते आणि ट्रकचालक त्यांना शिव्या देत होता.

लोकांनी गवताचे चौकोन कापले. कुणीतरी झुल्माला म्हणाले, "अर्धाच मिळाला गं."

"अर्धाच बरा," एबेर म्हणाला. "पूर्ण ओलेगारिओ कुठल्या घरात मावला होता?"

झुल्मा हसली. सामन्यानंतर ती पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता तिथेच मातीत बसली.

मायकोलही आला होता. संध्याकाळी त्याचे विमान होते. तो टोपी हातात घेऊन घुटमळत राहिला. "दोन्या, मला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्यावरून..."

"असू दे रे. जन्मभर विंगरना आडवं केलं त्याने. एकाला तरी वाट दिली."

मला भिंतीशी भंगारात टाकले होते. झुल्माने विचारले तेव्हा व्हास्सालो म्हणाले, "तीही न्या." मला वाटते, त्यांना माझ्याकडे बघवत नव्हते.

एबेरला कामावरून काढण्यात आले. बंद कारखान्यामागे खारट माळ होता, तिथे त्याने जुन्या सभासदांना घेऊन नवा संघ जमवला. खाटीक, बसवाहक, शाळेतला मास्तर. यांना कुणी विकत घेणार नव्हते, त्यामुळे त्यांना कुणाच्या नजरेत भरायचे नव्हते. एबेरने सगळ्यात आधी बचाव उभारायला घेतला. पण बचाव काही आठवड्यात उभा राहत नाही. चार माणसांना एकमेकांची चूक आधीच ओळखता यावी लागते, त्याला हिवाळे जातात. आणि झुल्माकडे एकच हिवाळा होता. तिने गवताचे चौकोन अंगणात मांडले होते. ती रोज झारीने पाणी घाली. दंव पडू लागले तशी पाती पिवळी पडू लागली.

संघ हरत होता. दर सामन्यानंतर एबेर तिच्याकडे पाही.

"आज दोनच गोल खाल्ले, झुल्मा."

"दोन म्हणजे दोन, टकल्या. अजून नाही."

"गवत मरेल गं."

"मरू दे. त्याला उठून माझ्याशी भांडू द्यायचं नाहीये मला."

एका ढगाळ रविवारी सामना गोलाविना संपला. प्रतिस्पर्धी शेवटी नुसते धडका मारत होते, आणि आमचा खाटीक व मास्तर एकमेकांकडे न पाहता एकमेकांच्या जागा भरत होते. शिट्टी वाजल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. कुणाला काय करावे सुचेना. एबेर गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. झुल्मा उठली, घरी गेली आणि पहिला चौकोन उचलून घेऊन आली. मग सगळेच तिच्या अंगणाकडे चालू लागले.

छोट्या चौकटीच्या रेषेवर त्यांनी माती खणून ते गवत बसवले. बरेचसे मेले होते. काही चौकोनांत मुळाशी हिरवे होते. झुल्माने माझ्यात फक्की भरली आणि मला त्यावरून नेले. मी चाक त्या दिवसासारखे जड होण्याची वाट पाहिली. ते किंचितच जड झाले, मध्यरेषेच्या टोकाशी होई तेवढेच. कुणीतरी अखेर कूस न बदलता झोपले होते.

पण मित्रांनो, त्या पलीकडच्या भिंतीआड अजून मैदान आहे. तिथल्या विणलेल्या रेषा कधी फिकट होत नाहीत आणि त्यांत कुणीही नाही. जे होते ते ट्रकांतून कुठल्या खड्ड्यात गेले, हे कुणी टिपून ठेवले नाही. वारा तिकडून आला की माझे डावे चाक आपोआप थोडे वळते. झुल्मा म्हणते, धुरा गंजली. ती तेल घालते. चाक तरी वळतेच.

तुमच्यापैकी कुणी मोठेपणी काही विकत घेईल. एखादे मैदान, एखादी शाळा, एखादा थकलेला क्लब. घ्या. नव्याने उभारा. छप्पर घाला, पाणी तापवा. जुन्या वस्तू फेकण्याआधी मात्र त्यांना एकदा हात लावून पाहा आणि कुदळ उचलण्यापूर्वी तिथे वावरणाऱ्या कुणालाही थांबवून एवढेच विचारा, "इथे कोण कोण आहे?"